जीप, शिकार आणि शहापूर-मुरबाडचा चिखल

१/ शहापूर किंवा मुरबाड तालुक्यात शेतजमीन घेणारा शहरवासी लवकरच चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीच्या शोधात निघतो. त्या गाडीभोवती शिकारीचे एक जुने वलय आहे. ते आले कोठून आणि या मुलखात ते कितपत शोभते, हे पाहण्यासारखे आहे.

२/ जीप जन्मली युद्धासाठी. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. वजन जेमतेम एक टन. तिचे सामर्थ्य वेगात नव्हते. पुढच्या चाकांनाही मिळणारी ओढ आणि गाडीला मुंगीच्या गतीने पण बैलाच्या जोराने चालवणारा ‘लो’ गिअर, यांत ते होते.

३/ १९४५ मध्ये स्थापन झालेली ‘महिंद्र अँड मोहम्मद’ १९४८ मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली. त्याच सुमारास मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू झाली. पुढे कंपनीचे कारखाने नाशिक आणि इगतपुरीलाही उभे राहिले. मुंबईहून तिकडे जाणारा महामार्ग शहापूर ओलांडूनच कसारा घाट चढतो.

४/ जीप आली आणि शिकारीचे रूप पालटले. माग काढणे, वारा ओळखणे, रात्रभर मचाणावर तिष्ठणे हे सारे मागे पडले. गाडी आणि प्रखर दिवा पुरेसा ठरला. १९४७ मध्ये कोरिया संस्थानच्या राजाने रात्री गाडीतून जाताना तीन चित्ते टिपले. भारतातील अखेरच्या चित्त्यांच्या नोंदींत त्यांची गणना होते. जिथे प्राण्याला निसटण्याची संधीच उरत नाही, तिथे पराक्रम कसला?

५/ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे ओळखले होते. परवानाधारकालाही वाहनातून शिकार करण्यास त्यातील कलम १७ ने मनाई केली. १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौशी शिकारीचे परवानेच संपुष्टात आले. कलम ३९ नुसार गुन्ह्यात वापरलेले व जप्त झालेले वाहन सरकारची मालमत्ता ठरते. पिकात रानडुक्कर शिरले, तरी लेखी परवानगीवाचून ते मारता येत नाही. शिवाय १९७० पासूनचे तानसा अभयारण्य शहापुरातच आहे.

६/ मग या गाडीचे येथे काम काय? उत्तर आषाढात मिळते. भाताच्या खाचरांमधली वाट लोण्यासारखी होते, ओहोळ फुगतात, माळशेजकडच्या पायथ्याच्या पाड्यांवर मातीचा चढ निसरडा होतो. तेथे ओढ हवी, तोरा नव्हे.

७/ म्हणून निवडीचे निकष साधे असावेत: खरा ‘लो’ गिअर, जमिनीपासून पुरेशी उंची, अरुंद बांधा, चिखलाचे टायर आणि कल्याण-मुरबाडच्या मिस्त्रीला हाताळता येईल असे यंत्र. रूपावर भुलू नये. २०२३ पासून ‘थार’ केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या प्रकारातही मिळते. नाव तेच, चिखलातले वर्तन निराळे. आणि काळू किंवा शाई नदीला पूर आला असता कोणतीही गाडी पाण्यात घालू नये.

८/ शेतीला ट्रॅक्टर पुरतो, हा आक्षेप रास्त आहे. नांगरणीला, पेंढ्याला, भाताच्या भाऱ्यांना तोच योग्य. पण प्रसववेदनेत असलेल्या स्त्रीला किंवा सर्पदंश झालेल्या मुलाला ट्रॉलीत हादरे देत न्यायचे काय?

९/ खरा प्रश्न येथे आहे. या तालुक्यांतील काही पाड्यांवरून आजही पावसाळ्यात रुग्णाला बांबूला बांधलेल्या झोळीतून खांद्यावर न्यावे लागते. राज्यात १०८ ची रुग्णवाहिका २०१४ मध्ये सुरू झाली. परंतु डांबर संपते तेथे तिची मोठी गाडी थांबते. हौशी मालकाच्या अंगणात वर्षातून दोनदा चिखल पाहणारी जीप उभी, आणि खालच्या वाटेने झोळी चाललेली, ही विसंगती लाजिरवाणी आहे.

१०/ बारमाही रस्ता हाच पहिला उपाय. जीप ही त्याची पळवाट होऊ नये. मात्र तो रस्ता होईपर्यंत प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या दारी चारही चाकांवर चालणारी छोटी रुग्णवाहिका पावसाचे चार महिने तरी असावी. यंत्र तयार आहे, कारखाना घाटापलीकडे आहे. पंचाहत्तर वर्षे रानाच्या नावाने मिरवलेल्या या गाडीने आता रानातल्या माणसाच्या उपयोगी पडावे.