शुद्ध गंधार की कोमल?

‘पुस्तकात छापलंय ना, मग तेच बरोबर!’ असे आपण सहज म्हणून जातो. पियानो किंवा कीबोर्ड शिकणारी मुले तर हमखास म्हणतात. पाश्चात्त्य अभिजात संगीत लिहिलेल्या सुरांवर उभे आहे, तेव्हा छापील पानावर शंका कशी घ्यायची? पण जुन्या आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवल्या की गंमत कळते. पाने एकाच रचनेची असतात आणि सूर मात्र वेगळे!

बीथोव्हनचेच पाहा. १८०३ मध्ये झुरिचच्या नेगेली या प्रकाशकाने त्याचे सोनाटा छापले. छापून आलेली पाने शिष्य फर्डिनांड रीस वाजवू लागला आणि गुरुजींचा पारा चढला. चुका तर होत्याच, शिवाय ओपस ३१ मधल्या पहिल्या सोनाटात प्रकाशकाने पदरचे चार बार घुसडले होते. रीसला चुकांची यादी करावी लागली. मग बॉनच्या सिमरॉक यांच्याकडून नवी आवृत्ती निघाली. ही ‘अत्यंत अचूक आवृत्ती’ आहे, अशी ग्वाही तिच्या मुखपृष्ठावरच होती.

इथे खरे-खोटे ठरवणे सोपे होते. शोपँच्या बाबतीत तसे नाही. पोलंडमध्ये जन्मलेला हा संगीतकार पॅरिसमध्ये स्थायिक झाला होता. त्या काळी एका देशातला कॉपीराइट दुसऱ्या देशात चालत नसे. एके ठिकाणी छापलेली रचना दुसरीकडे कुणीही बिनदिक्कत छापावी! यावर तोडगा म्हणून शोपँ एकच रचना पॅरिस, लाइपझिग आणि लंडन इथल्या तीन प्रकाशकांना साधारण एकाच सुमारास देत असे. झेरॉक्सची सोय नव्हती. एक प्रत तो स्वतः लिही, तर दुसरी कधी त्याचा मित्र जुलियन फोंताना उतरवून देई. पॅरिसची मुद्रिते शोपँच्या नजरेखालून जाऊ शकत, परदेशातली सहसा जात नसत. त्यामुळे एकच रचना तीन देशांत तीन रूपांत अवतरली. १८३९ मध्ये निघालेल्या त्याच्या २४ प्रिल्यूड्सची अर्पणपत्रिकासुद्धा फ्रेंच आवृत्तीत प्लेयेल यांच्या नावे आहे आणि जर्मन आवृत्तीत केस्लर यांच्या!

यातले विसावे प्रिल्यूड अवघ्या १३ बारांचे. संथ, गंभीर, अंत्ययात्रेच्या पावलांनी चालणारे. त्यातल्या तिसऱ्या बारच्या शेवटच्या कॉर्डवर सारा वाद आहे. पेटीवरची पांढरी एक षड्ज धरा. मग प्रश्न एवढाच, की तिथला गंधार शुद्ध की कोमल? शुद्ध लावला तर अंधारात क्षणभर कवडसा पडतो. कोमल लावला तर काळोख तसाच राहतो. शोपँच्या हस्तलिखितात तिथे कोमलाचे चिन्ह नाही. मात्र एका शिष्येच्या छापील प्रतीत ते पेन्सिलीने घातलेले आहे, आणि तेही शोपँनेच! लिहिताना चिन्ह राहून गेले होते, की शिकवताना त्याचे मन बदलले? जाणकारांचे आजही दोन पक्ष आहेत.

आवृत्त्या ताडून पाहणे हे चिकाटीचे काम आहे. त्या काळी स्वरलिपी धातूच्या पत्र्यावर उलटी कोरत आणि त्यावरून छापत. चूक सापडली की पत्रा मागून ठोकून सपाट करायचा आणि तेवढी जागा पुन्हा कोरायची. म्हणून एकाच मुखपृष्ठाच्या दोन प्रतींतही फरक निघतो. बऱ्याचदा वर्ष छापलेले नसते. पानाच्या तळाशी असलेला पत्र्याचा क्रमांक हाच काय तो धागा!

आपल्याला ‘पाठभेद’ हा शब्द नवा नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताच्या शेकडो पोथ्या ताडून चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. तिथे लेखनिकांच्या हातून पडलेली भर बाजूला सारून जुना पाठ शोधायचा होता. शोपँचे काही पाठभेद मात्र खुद्द त्याच्याच हातचे आहेत. एक खोडावा तर शोपँलाच खोडल्यासारखे होते. म्हणून चांगला संपादक एक पाठ वर छापतो आणि दुसरा तळटीपेत देतो.

तेव्हा मुलांसाठी स्वरलिपीचे पुस्तक घेताना किमतीबरोबर प्रस्तावना आणि टीपाही चाळा. संगीतकाराचे काय आणि संपादकाने घातलेले काय, हे सांगणाऱ्या ‘उरटेक्स्ट’ आवृत्त्या मिळतात. शोपँच्या पहिल्या आवृत्त्यांची पाने तर आता संगणकावर घरबसल्या पाहता येतात. दोन्ही गंधार वाजवून पाहावेत, कानाला पटेल तो निवडावा. मात्र तो का निवडला, हे सांगता आले पाहिजे.