पुलाची जबानी

भारतीय रेल्वेवर सुमारें दीड लाख पूल आहेत व त्यांपैकीं पस्तीस हजारांहून अधिक पुलांनीं शंभरी ओलांडली आहे. जुना पूल म्हणजे धोक्याचा पूल असें आम्ही म्हणत नाहीं; कित्येक दगडी कमानी आजहि भार वाहत आहेत. प्रश्न वयाचा नसून अंतःप्रकृतीचा आहे.

रेल्वेचे अधिकारी पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर पूल पाहतात, हें खरें. परंतु डोळ्यांस पृष्ठभाग तेवढा दिसतो. चांदीच्या नाण्यांच्या काळीं सराफ रुपया वाजवून पारखी, तो फोडीत नसे. पुलासहि न फोडतां पारखण्याचीं साधनें आज आहेत. काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून त्यांचा वेग मोजतात. तो सेकंदास साडेचार किलोमीटरांवर भरला तर काँक्रीट उत्तम, तीनच्या खालीं आला तर संशयास्पद, असें १९९२ च्या भारतीय मानकानें ठरविलें. पोलादाच्या पोटांतील भेगहि ध्वनिलहरींनीं सांपडते. पृष्ठभागावरील सूक्ष्म भेग चुंबकीय भुकटीनें उघडी पडते.

असें असतां केवळ ‘पूल ठीक आहे’ या शेऱ्यावर लोकांनीं विसंबावें काय ? १४ मार्च २०१९ रोजीं मुंबईस छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसलगतचा पादचारी पूल कोसळून माणसें मृत्यु पावलीं. तो पूल महापालिकेचा, रुळांचा नव्हे. पण तपासणींत तो किरकोळ दुरुस्तीच्या सूचनेवर उत्तीर्ण ठरला होता! ज्यानें आंत पाहिलेंच नाहीं त्याची साक्ष कोणतें न्यायालय ग्राह्य धरील ?

उलट, १९१४ साली खुल्या झालेल्या पांबनच्या पुलाचें लोखंड खाऱ्या वाऱ्यानें खाल्लें, हें ओळखून डिसेंबर २०२२ मध्यें त्यावरील गाड्या बंद केल्या गेल्या. एप्रिल २०२५ मध्यें नवा पूल खुला होईपर्यंत रामेश्वरच्या यात्रेकरूंची गैरसोय झाली खरी. पण गाडी समुद्रांत गेली नाहीं.

म्हणून आमची मागणी एवढीच कीं, प्रत्येक जुन्या पुलाचीं मोजमापें, तारीख व तपासणाऱ्याचें नांव यांसह, प्रसिद्ध व्हावीं. लोक घाबरतील, हा आक्षेप आम्हांस पटत नाहीं. व्यापारी आपल्या वह्या हिशेबतपासनिसापुढें ठेवतो, तेव्हां पेढीवर धाड पडल्याचा गवगवा होत नाहीं. पुलावर गाडी हळू हांकण्याचा हुकूम आजहि रुळाकडेच्या फलकावर आंकड्यांत लिहिलेला असतो. तो कोणत्या मोजमापावरून दिला, तेंहि त्याच गांवच्या स्टेशनांत लावावें.