पोरगी डिझाइन शिकतेय, वर नाटकालाही जातेय. मग बिघडलं काय?

पोस्ट मोठी आहे. पण निकालाचे दिवस आहेत, घराघरात हाच विषय चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

बारावीचा निकाल लागला की आम्हा पत्रकारांना पालकांचे फोन सुरू होतात. आपल्याला सगळ्यातलं सगळं कळतं, असा लोकांचा समज आहे. नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव, कुठून ना कुठून एक फोन हमखास असतो. "साहेब, ते डिझाइन डिझाइन म्हणतात ते काय असतं हो? पोरगं मागं लागलंय." पुढचा प्रश्न ठरलेला. "त्यात पोट भरतं का?" आणि ज्यांची मुलगी आधीच पुण्यात शिकतेय ते आवाज बारीक करून तिसरा प्रश्न विचारतात. "ती म्हणे कॉलेजच्या नाटकात असते. रात्री अकरा-अकरा वाजतात. हे बरं का?"

आज या तिसऱ्या प्रश्नावरच लिहायचं आहे. कारण त्याच्यावरून एका मुलीचं शिक्षण थांबायची वेळ आली आहे.

मुलगी माझ्या ओळखीतल्या एका शेतकऱ्याची. नाव-गाव लिहीत नाही, ओळखायचा प्रयत्नही करू नका. कुकडीच्या कालव्यावर दोन एकर, त्यात टोमॅटो. पोरगी पुण्यात डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला. नारायणगावच्या मार्केटला भाव निघाला तर फी वेळेवर, नाहीतर उसनवारी. खोलीत चौघी. दिवसभर कॉलेज, मग सबमिशन. अप्पा बळवंत चौकातून सनबोर्ड आणायचा, रात्रभर कटरने कापायचा, फेव्हिकॉलने चिकटवायचा आणि सकाळी मास्तर म्हणणार, परत कर. ज्यांना वाटतं डिझाइन म्हणजे बसून चित्रं काढणं, त्यांनी या पोरांची बोटं बघावीत. कापल्याच्या खुणा असतात.

दुसऱ्या वर्षी ती कॉलेजच्या नाटकात शिरली. अभिनयाला नाही, नेपथ्याला. एकांकिकेत तुरुंगाची भिंत पाहिजे होती आणि पैसे नव्हते. हिने काय करावं? सुट्टीला घरी आली, वडिलांचे रिकामे टोमॅटोचे क्रेट गोळा केले आणि टेम्पोवाल्याला गळ घालून पुण्याला नेले. क्रेटवर क्रेट रचून भिंत उभी केली. मागून दिवा सोडला तशी क्रेटच्या भोकांतून सगळ्या स्टेजवर गजांची सावली पडली. मी तो प्रयोग पाहिलाय. पडदा उघडला आणि शेजारची पोरं पहिल्या मिनिटाला टाळ्या वाजवायला लागली. वडिलांचा मात्र एकच प्रश्न, "क्रेट परत कधी येणार?"

इथपर्यंत सगळं गमतीचं. पुढं काय झालं, तर लग्नाच्या पंगतीत कुणीतरी म्हणालं, "तुमची पोरगी नाटकात गेली म्हणे." 'गेली' हा शब्द बघा. नोकरीला 'लागली', कॉलेजला 'जाते', आणि नाटकात 'गेली'! चुलत्यांनी सांगून टाकलं, यंदा फी भरू नको, स्थळं बघ. गेल्या हंगामात टोमॅटोने मार दिलाच होता, त्यात हे निमित्त मिळालं. अजून निर्णय झालेला नाही. म्हणून ही पोस्ट.

मंडळी, आपण कुठल्या मातीत राहतो? नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. चैत्रात यात्रा-जत्रांचा हंगाम आला की फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे कारभारी येतात, सुपाऱ्या ठरतात. एका रात्रीच्या खेळाला गाव वर्गणी काढून मोठी रक्कम मोजतं. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर आपल्या. त्यांचा गौरव राष्ट्रपतींनी केला. राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. आणि त्याच विठाबाईंची अखेरची वर्षं हलाखीत गेली. २००२ साली त्या वारल्या. म्हणजे आपल्याला कला हवी, खेळ हवा, शिट्ट्या मारायला आपण पुढच्या रांगेत. फक्त कलाकार आपल्या घरात नको, आणि कलेचे पैसे द्यायचे म्हटलं की हात आखडतो. हा दुटप्पीपणा आपल्या अंगात इतका मुरलाय की आता जाणवतही नाही.

आता 'नाटकाने शिक्षण बुडतं' याचं बघू. पुण्यात १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था पुरुषोत्तम करंडक स्पर्धा घेते. कॉलेजची पोरं स्वतः लिहितात, स्वतः बसवतात, भरत नाट्य मंदिरात सादर करतात. दुसरी फिरोदिया करंडक स्पर्धा. तिच्यात तर नाटकाच्या आत चित्र, शिल्प, वादन, नृत्य अशा कला गुंफायच्या असतात. तिथं इंजिनिअरिंगची पोरं सुतारकाम करताना दिसतात. सगळी वर्गात नापास होतात का? जब्बार पटेल आणि मोहन आगाशे दोघंही पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकले, शिकता शिकता नाटक केलं आणि डॉक्टरही झाले. १९७२ च्या डिसेंबरमध्ये 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आलं तेव्हा दिग्दर्शक पटेल होते, नाना फडणवीस आगाशे होते. आणि त्या नाटकातली भिंत आठवा. लाकडाची नाही, कापडाची नाही. माणसांची ओळ उभी राहायची, तीच भिंत, तोच पडदा. पुढं ते नाटक परदेशात गाजलं. नेपथ्य म्हणजे खर्च नव्हे, डोकं. क्रेटची भिंत उभारणारी पोरगी त्याच वाटेवर आहे, एवढंच माझं म्हणणं.

आणि चित्र आणि नाटक यांचं नातं काही आजचं नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर कारागिराच्या घरातले. त्यांनी आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. पडदे रंगवता रंगवता बाबूराव सिनेमाकडे वळले, स्वतः कॅमेरा तयार केला, १९२० साली 'सैरंध्री' काढला. व्ही. शांताराम त्यांच्याच कंपनीत घडले. दुसरं नाव कमल शेडगे यांचं. मराठी नाटकांच्या जाहिरातीतली ती अक्षरं आठवतात? नावाच्या अक्षरांवरूनच नाटक गंभीर आहे की विनोदी ते कळायचं. २०२० साली ते गेले. आयुष्यभर अक्षरं काढली आणि त्यावरच संसार केला. आज सरकारी कागदांवर जो 'मंगल' फॉन्ट दिसतो तोही एका मराठी माणसाने, र. कृ. जोशी यांनी केलेला. तुमच्या सातबाऱ्यावरचं अक्षरसुद्धा कुणीतरी 'डिझाइन' केलेलं असतं.

पालकांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. खासगी डिझाइन कॉलेजांची फी लाखांत जाते आणि गल्लोगल्ली 'इन्स्टिट्यूट' निघाल्यात. गुळगुळीत माहितीपत्रक बघून जमीन गहाण टाकू नका. पदवी कोणत्या विद्यापीठाची, मान्यता कुणाची, जुनी पोरं आज कुठं कामाला आहेत, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय एक रुपया भरू नका. अहमदाबादच्या एनआयडीची प्रवेश परीक्षा वेगळी असते, आयआयटीच्या डिझाइनसाठी यूसीड असते. दोन्हीला बारावीची कोणतीही शाखा चालते, सायन्सच पाहिजे असं नाही. मुंबईचं जे. जे. तर १८५७ सालचं आहे. आपल्याकडच्या किती पोरांना हे माहीत आहे? नववी-दहावीतच सांगायला पाहिजे, बारावी झाल्यावर सांगून उपयोग नाही.

पण सांगणार कोण? शिक्षण हक्क कायदा म्हणतो, सहावी ते आठवीच्या शाळेत शंभराच्या वर मुलं असतील तर कलेसाठी अर्धवेळ निदेशक द्यावा. आता आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभ्याच्या वर, वाडीवस्तीवरच्या शाळेत शंभर मुलं आणायची कुठून? म्हणजे ज्या पोराला चित्रकलेच्या मास्तरची जास्त गरज, नेमकं तेच नियमात बसत नाही. एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा मोठ्या गावच्या हायस्कूलची पोरं देतात. वाडीतल्या पोराच्या हाताला वळण असलं तरी ते कुणाला कळत नाही.

कॉलेजांचं वेगळं दुखणं. पुण्यातली तालीम रात्री संपते. आपल्याकडे मुलीला अंधाराच्या आत घरी पोचायचं असतं. फाट्यावर एसटीने सोडलं की पुढं दोन किलोमीटर दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसात बिबट्या. ही सबब नाही, जुन्नर-आंबेगावात ही रोजची गोष्ट आहे, माणसं गेली आहेत. मग आपल्या कॉलेजात नाटक होणार कसं? व्हायचं असेल तर दुपारी झालं पाहिजे. आठवड्यातले दोन तास वेळापत्रकात धरा, कॉलेजचा हॉल उघडून द्या. एवढ्यावर पोरं काय करतात ते बघा तरी.

आता पैशाचं. आळेफाट्याला नाहीतर मंचरच्या चौकात उभं राहा आणि वर बघा. वाढदिवस, निवड, अभिनंदन, श्रद्धांजली. फ्लेक्सवाला पैसे कशाचे घेतो? चौरस फुटाचे. आणि डिझाइन? फुकट. रात्री दोन वाजता साहेबांच्या पीएचा फोन येतो, "भाऊंचा फोटो मोठा कर, मागं शिवनेरी टाक." कॉम्प्युटरवर बसलेलं पोरगं ते सगळं करतं आणि त्याच्या कामाचा बिलात उल्लेखसुद्धा नसतो. कापडाला किंमत, शाईला किंमत, डोक्याला नाही. मग आपणच विचारतो, डिझाइनमध्ये पोट भरतं का? आपण भरू दिलं तर भरेल ना. आता तर मोबाईलवर एआय फुकटात पोस्टर करून देतं, फ्लेक्सवाल्याच्या पोराच्या पोटावर पाय येणार हे दिसतंय. अशा वेळी ज्याला फक्त सॉफ्टवेअर येतं तो मागे पडेल. ज्याला माणसांबरोबर काम करायची सवय आहे, अपुऱ्या पैशात, ठरल्या वेळेत, तीनशे लोकांसमोर वस्तू उभी करून दाखवता येते, तो टिकेल असं मला वाटतं. आणि ती सवय वर्गापेक्षा कॉलेजच्या नाटकात जास्त लागते. तिथं तिसऱ्या घंटेनंतर 'उद्या सबमिट करते' चालत नाही.

म्हणून हात जोडून काही मागण्या.

यात्रा कमिट्यांना : तमाशा बंद करा असं मुळीच म्हणत नाही, तो आपला मान आहे. पण रात्रीच्या खेळाआधी संध्याकाळचा एक तास कॉलेजच्या पोरांच्या एकांकिकेला द्या. स्टेज, माइक, दिवे आणि समोर हजारभर माणूस, सगळं तयारच असतं. पुण्यात पोरांना असा प्रेक्षक शोधावा लागतो. फक्त पोरांच्या हातात मानधनाचं पाकीट द्या, नुसता नारळ नको.

कॉलेजच्या प्राचार्यांना : दुपारचे दोन तास आणि स्पर्धेचं प्रवेश शुल्क. बस.

पुढाऱ्यांना : फ्लेक्सच्या बिलात डिझाइनची वेगळी ओळ लिहायला लावा. पाचशे रुपये का असेना. सुरुवात तर होऊ द्या.

आणि त्या मुलीच्या वडिलांना, चुलत्यांना, जे ही पोस्ट नक्की वाचणार आहेत : दादा, पोरगी 'गेली' नाही. तुमच्या शेतातले क्रेट घेऊन तिने पुण्याच्या पोरांना टाळ्या वाजवायला लावल्या. ते काम एकदा डोळ्यांनी बघा, मग फीचं काय ते ठरवा. स्थळं कुठं पळून जात नाहीत, तिसरं वर्ष मात्र जातं. आणि यंदाच्या फीला कमी पडत असेल तर सांगा. आपल्या भागातली नोकरीला लागलेली चार पोरं या कामाला पुढं येतील, मी स्वतः बोलतो त्यांच्याशी.

पुरुषोत्तमची प्राथमिक फेरी ऑगस्टमध्ये असते, भरत नाट्य मंदिरात, सदाशिव पेठेत. नारायणगावपासून पुणे ७५ किलोमीटरच्या आसपास. एक जीप भरेल एवढे पालक तयार झाले तर मी बरोबर येतो, डिझेल माझं. मेसेज करा.