ओसरीवरून : दोघांचा तंबू

गेल्या फाल्गुनांत आमच्या घरीं एका तंबूवरून पंधरा दिवस वाद चालला होता. तंबू उभारावयाचा होता अमेरिकेच्या ईशान्य टोंकास, मेन नांवाच्या राज्यांत, समुद्रकांठीं. पण वाद रंगला तो आमच्या ओसरीवर. एकत्र कुटुंबाची ही थोरवीच म्हणावयाची कीं, बारा हजार किलोमीटरांवर कोणी खुंटी ठोकावयाचें नुसतें मनांत आणलें तरी तिचा आवाज आमच्या माजघरांत ऐकूं येतो.

झालें तें असें. आमचे धाकटे चिरंजीव व सूनबाई बोस्टन शहराजवळ राहतात. लग्नाला तीन वर्षें झालीं. या तीन वर्षांतले त्यांचे उन्हाळे कसे गेले तें मला पाठ आहे. कारण पहिल्या उन्हाळ्यांत आम्हीं उभयतांनींच तेथें दोन महिने मुक्काम ठोकला, दुसऱ्यांत सूनबाईंचे आईवडील होते, आणि तिसऱ्यांत माझ्या नणंदेकडचीं चार माणसें नायगाराचा धबधबा पाहावयास म्हणून येऊन गेलीं. यंदा दोघांनीं जुलैच्या अखेरीस पांच दिवसांची रजा जुळविली आणि कळविलें कीं, अकेडिया राष्ट्रीय उद्यानांत तंबू ठोकून राहणार, दोघेंच.

हा "दोघेंच" शब्द सर्वांना खुपला. आमचे "हे" म्हणाले, "घर सोडून पैसे देऊन जमिनीवर निजावयाचें, हें कसलें सुख?" धाकट्या जाऊबाईंची अडचण निराळी, आणि खरी. त्यांचा मुलगा त्याच देशांत शिकावयास गेला आहे. सुटींत वसतिगृह ओस पडतें व पोर एकटें राहतें. त्या मला हळूच म्हणाल्या, "वहिनी, तंबूंत तीन माणसें मावतात ना?" तंबूंत तीन माणसें मावतात, परंतु "हो" म्हणावयास माझी जीभ उचलेना, आणि "नाहीं" म्हणावयास त्याहून उचलेना.

हें अकेडिया आहे तरी कसें, तें आधीं सांगतें. मेनच्या किनाऱ्याला लागून माउंट डेझर्ट नांवाचें मोठें बेट आहे. पुलानें तें मुख्य भूमीशीं जोडलेलें आहे. उद्यानाचा बहुतेक भाग या बेटावरच येतो. १६०४ मध्यें शांप्लें या फ्रेंच दर्यावर्दीनें तेथील उघडीं बोडकीं शिखरें पाहून बेटाला हें नांव दिलें. त्यापूर्वीं हजारों वर्षें वाबानाकी लोकांची तेथें वस्ती होती, आणि ते लोक आजहि त्या राज्यांत आहेत. पुढें धनिकांनीं तेथें उन्हाळी बंगले बांधले. त्यांच्यापैकींच जॉर्ज डॉर नांवाच्या गृहस्थानें आपल्या स्नेह्यांस बरोबर घेऊन डोंगर व किनारे तुकड्यातुकड्यांनीं मिळविले आणि ते लोकांसाठीं सरकारच्या स्वाधीन केले. १९१६ मध्यें ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली, १९१९ मध्यें राष्ट्रीय उद्यान झाली, आणि अकेडिया हें नांव तिला १९२९ मध्यें मिळालें. रॉकफेलर घराण्यांतील धाकट्या जॉन यांनीं घोडागाड्यांसाठीं खडीचे सुरेख रस्ते बांधविले. त्यांपैकीं सुमारें ४५ मैल आज उद्यानांत आहेत व त्यांवर मोटारींना मज्जाव आहे. १९४७ च्या ऑक्टोबरांत बेटावर भयंकर आग लागून १७,००० एकरांहून अधिक प्रदेश जळाला. जळालेल्या सदाहरित रानाच्या जागीं पुष्कळ ठिकाणीं पानझडी वृक्ष उगवले, आणि शरदऋतूंत तेच आज लालपिवळे होऊन पाहणाऱ्यांना भुलवितात.

असो. घरच्या वादांत मी गुंतलें असतां, तिकडे त्या दोघांमध्येंच एक निराळा वाद सुरू झाला होता, हें मला मागाहून कळलें. आमचे चिरंजीव पेठेंत वाढलेले. आंखणी करण्यांत पटाईत. त्यांनीं पांचहि दिवसांचा तासातासांचा तक्ता तयार केला होता. पहिल्या पहांटे कॅडिलॅक पर्वतावर चढून "देशांतला पहिला सूर्योदय", त्याच दिवशीं दुपारीं बाराला वाळूच्या बांधावरून चालत बार बेट, सायंकाळीं समुद्रस्नान, आणि असेंच पुढें. तक्ता सूनबाईंना पाठविला, मलाहि पाठविला. मला तो फार आवडला. दुसऱ्या दिवशीं सूनबाईंचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर त्या म्हणाल्या, "आई, या तक्त्यांत सगळें आहे, मला नुसतें बसावयाला मात्र जागा नाहीं."

मीं म्हटलें, "हें मला सांगून काय उपयोग? त्याला सांग."

त्यांनीं सांगितलें; आणि सांगतांना आणखी तीन गोष्टी निघाल्या. सूनबाई गुहागरच्या. समुद्र त्यांच्या अंगणापुढला. त्यांनीं विचारलें, "दुपारीं बाराला बार बेटावर जाण्याचें ठरविलें, तें कोणाला विचारून? समुद्राला विचारलें का?" तो वाळूचा बांध ओहोटीच्या वेळींच उघडा पडतो, ओहोटीच्या आधीं दीड तास व नंतर दीड तास, इतकाच वेळ त्यावरून जातां येतें. एरवीं त्यावर पाणी असतें, आणि पलीकडे अडकलेल्या माणसाला पुढच्या ओहोटीपर्यंत बसून राहावें लागतें. तेथें भरती आणि ओहोटी यांच्या पातळींत ८ ते १२ फुटांचें अंतर पडतें. कोंकणांत तिथीची पाऊणपट केली कीं भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशेब आपल्या किनाऱ्याचा. तेथें तेथलाच छापील तक्ता पाहावयास पाहिजे. परंतु भरती रोज सुमारें पन्नास मिनिटें मागें सरते, हें दोन्ही किनाऱ्यांवर सारखेंच खरें. तेव्हां घड्याळ पाहून बेट ठरवावयाचें नसतें; ओहोटी पाहून दिवस ठरवावयाचा असतो.

दुसरी गोष्ट सूर्योदयाची. कॅडिलॅक १,५३० फूट उंच. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर त्याहून उंच डोंगर नाहीं. त्यावरून देशांतला पहिला सूर्य दिसतो, हें खरें; पण तें ऑक्टोबरच्या आरंभापासून मार्चच्या आरंभापर्यंत. जुलैंत तो मान दुसऱ्या जागांचा. शिवाय २०२१ पासून उन्हाळ्यांत व शरदांत मोटारीनें वर जावयाचें तर वेळेचा निराळा परवाना आधीं काढावा लागतो. मग साडेतीनला उठून कांकडआरती करावयाची ती कशासाठीं? तिसरी गोष्ट स्नानाची. तेथल्या सँड बीचवर भर उन्हाळ्यांतहि पाणी ५५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारें १३ अंश सेल्सिअसच्या वर क्वचितच जातें. आमच्या पुणेकरांची गंगेगोदे तेथें घोट्यापर्यंतच व्हावयाची!

चिरंजीवांनीं तक्ता फाडला नाहीं, पुन्हां आंखला. आणि नवा तक्ता मला पहिल्यापेक्षां पुष्कळच शहाणा वाटला. रोज एकच गोष्ट ठरलेली. एके दिवशीं ती त्यानें निवडावयाची, दुसऱ्या दिवशीं तिनें. उरलेला वेळ मोकळा. पाऊस आला तर काय, धुकें पडलें तर काय, हें समासांत लिहिलेलें. त्या किनाऱ्यावर उन्हाळ्यांत धुकें वारंवार येतें. मग डोंगरमाथा सोडून खडीच्या रस्त्यांनीं झाडांखालून चालावें, हें बरें.

अशा सफरीची तयारी कोणी करूं म्हणेल, तर उपयोगी पडतील अशा कांहीं गोष्टी त्या दोघांच्या टिपणांतून उतरून देतें. राहण्याची जागा कित्येक महिने आधीं राखून ठेवावी लागते. दाराशीं जाऊन मिळेल अशा भरंवशावर राहूं नये. त्यांनीं ब्लॅकवुड्स हें तळ निवडलें आहे. तेथून रानांतून दहाएक मिनिटें चालले कीं समुद्र. पिण्याचें पाणी व शौचकूप आहेत, परंतु स्नानगृहें नाहींत. त्यासाठीं उद्यानाबाहेर पैसे देऊन सोय होते. जुलैंतहि रात्रीं पारा १२ ते १५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो, म्हणून तंबूखालीं जाड अंथरी, वर पावसाचें आच्छादन आणि प्रत्येकाला उबदार पांघरूण हवेंच. जळाऊ लांकूड घरून नेऊं नये. त्यांतून झाडांना मारणारे किडे एका रानांतून दुसऱ्यांत जातात, म्हणून दुसऱ्या राज्यांतून तें नेण्यास बंदी आहे. तेथेंच विकत घ्यावें. खाण्याचा एकहि जिन्नस तंबूंत ठेवूं नये, मोटारींत बंद करून ठेवावा. नाहीं तर रानचे पाहुणे वासावर येतात. गवतांतून चालतांना पायमोजे पायजम्यावर ओढून घ्यावे आणि सायंकाळीं एकमेकांचे अंग नीट पाहावें. त्या भागांत गोचिडीच्या चाव्यानें लाइम नांवाचा रोग होतो. जून अखेरीपासून बेटावर बिनभाड्याच्या बसगाड्या फिरतात. १९९९ पासून ही सोय आहे, तिचा लाभ घ्यावा. आणि खवळलेल्या समुद्राच्या जवळ खडकांवर उभें राहूं नये. २००९ च्या ऑगस्टांत दूरवरून गेलेल्या एका वादळाच्या लाटा पाहावयास तेथील थंडर होल या जागेजवळ गर्दी जमली असतां लाटेनें कांहीं जणांना ओढून नेलें, व त्यांत सात वर्षांच्या एका मुलीचा अंत झाला. सूनबाईंनीं हें वाक्य टिपणांत तांबड्या शाईनें लिहिलें आहे.

शिदोरीबद्दल मीं न विचारतां सल्ला दिला: मेतकूट, थालिपिठाची भाजणी, गुळपापडी, खिचडीचे डाळतांदूळ एकत्र करून. स्वयंपाक आळीपाळीनें करावयाचें त्यांचें ठरलें आहे. चिरंजीवांच्या पाळीच्या दिवशीं गुळपापडी जास्त खपेल असा माझा अंदाज आहे.

आतां राहिला आमच्या ओसरीवरचा वाद. एके दुपारीं आम्ही सगळीं बसलों होतों. सासूबाई ताटांत गव्हले वळीत होत्या. त्यांचें वय ८८. हल्लीं त्या फार बोलत नाहींत, आणि त्यांना सगळें ऐकूं येतें असेंहि आम्हांला वाटत नाहीं. जाऊबाई पुन्हां म्हणाल्या, "तिघें गेलीं तर काय बिघडलें?" तेव्हां सासूबाई हात न थांबवितां म्हणाल्या, "मी ह्यांच्याबरोबर एकदां हरिहरेश्वराला गेलें होतें. एकोणीस माणसें होतों. समुद्र मीं पाहिला. पण ह्यांनीं तो पाहिला तेव्हां त्यांना काय वाटलें, तें मला ठाऊक नाहीं. विचारावयाचें राहिलें."

मामंजींना जाऊन वीस वर्षें झालीं.

त्यानंतर कोणी कांहीं बोललें नाहीं. थोड्या वेळानें जाऊबाईच उठल्या आणि चहा टाकावयास गेल्या. सायंकाळीं त्यांनीं आपल्या मुलाला फोन केला. आणि त्याला विचारण्याचें आम्हां सर्वांच्याच मनांतून राहून गेलें होतें हें तेव्हां ध्यानांत आलें. तो म्हणाला, "मला तंबू नको. पण ऑगस्टांत दादाच्या घरीं आठ दिवस जाऊं का? पिठलें-भात मिळेल." सूनबाईंनीं त्याला त्याच दिवशीं बोलावणें धाडलें, आणि तें मनापासून होतें, कारण तिच्या पांच दिवसांना आतां कोणी हात लावीत नव्हतें.

एकत्र कुटुंबांत मी ४१ वर्षें राहिलें आहे, आणि त्याची थोरवी मला कोणी शिकवावयास नको. आजारपणांत, बाळंतपणांत, पैशाच्या ओढगस्तींत ज्या घरानें मला सांवरलें त्याविरुद्ध मी चकार शब्द काढणार नाहीं. परंतु अकेडियाची हकीगत वाचतांना माझ्या मनांत एक विचार येऊन गेला. ज्या धनिकांजवळ खासगी असें पुष्कळ होतें, त्यांनीं त्यांतलें कांहीं सर्वांसाठीं मोकळें केलें. आमच्या घरांत सर्वच सर्वांचें. तेव्हां येथें दानाची रीत उलटी असावयास हवी. वडीलधाऱ्यांनीं त्या सर्वांच्यांतून पांच दिवस बाजूला काढावे आणि तरुण जोडप्याच्या हातीं द्यावे. तेंहि कुरकुर न करतां. मुलांनींहि उलट एक करावें. आपण कोठें आहोंत, केव्हां परतणार, हें घरच्या एका माणसाजवळ लिहून ठेवावें. त्या बेटावर पुष्कळ जागीं फोन लागत नाहीं. म्हणून आमचें ठरलें आहे कीं, रोज एकदां, जमेल तेव्हां, "सुखरूप" एवढा एकच शब्द यावा, आणि आम्ही उलट प्रश्न विचारूं नयेत. या अटीचा दुसरा भाग पाळणें मला जड जाणार आहे.

त्या रात्रीं "ह्यांनीं" मला विचारलें, "आपण दोघेंच असे कोठें गेलों होतों गं?" मीं बोटें मोजण्यासाठीं हात वर केला आणि तसाच खालीं ठेवला. बऱ्याच वेळानें ते म्हणाले, "जमिनीवर निजणें आतां माझ्या गुडघ्यांना झेपावयाचें नाहीं. पण व्याह्यांच्या गुहागराला खाटा असतील."

मार्गशीर्षाच्या शुद्ध पक्षांत चार दिवस जावयाचें ठरलें आहे. व्याह्यांना कळविलें; त्यांनीं समुद्राकडची खोली झाडून ठेवतों म्हणून सांगितलें, आणि जेवणाखेरीज हांक मारणार नाहीं असेंहि. पंचांग काढून तिथ्यांची पाऊणपट मीं वहींत मांडून ठेवली आहे.