खिडकी फुकट, घर भाड्याचे

जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णीसारख्या गावात शाळेकडे, वाचनालयाकडे किंवा पतसंस्थेकडे संगणकच नाहीत, ही तक्रार आता पुरती खरी राहिलेली नाही. संगणक आहेत, ते निकामी ठरवले जात आहेत. मायक्रोसॉफ्टने विंडोज 10चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला आणि पुढच्या आवृत्तीच्या अटींत न बसणारी असंख्य धडधाकट यंत्रे एका दिवसात जुनी झाली. झिजली म्हणून नव्हे, तर विक्रेत्याने तारीख ठरवली म्हणून भांडवली वस्तू मोडीत निघावी, हा घसाऱ्याचा प्रकार अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सहसा सापडत नाही.

यावर एक मार्ग आहे. एका जागी एक दमदार संगणक सर्व्हर म्हणून ठेवावा, त्यावर दहा जणांची कामे स्वतंत्रपणे चालावीत, आणि जुन्या यंत्रांनी केवळ ब्राउझर उघडून आपापल्या कामाचा पडदा दाखवावा. जुन्या यंत्रावर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती आणि अद्ययावत ब्राउझर एवढे पुरते.

मग हा पडदा दाखवणारे साधन कोणते निवडावे? ‘नोव्हीएनसी’ मुक्त परवान्याचे व उभारायला सोपे आहे. पण त्यातून आवाज येत नाही, आणि जुन्या पद्धतीच्या व्हीएनसीत परवलीच्या शब्दाची पहिली 8 अक्षरेच विचारात घेतली जातात, हे ठाऊक नसलेला माणूस लांबलचक परवलीवर विसंबून निर्धास्त राहतो. ‘अपाची ग्वाकामोली’ हेही मुक्त आहे, मात्र उभारायला अवघड. ते मधल्या दुभाष्यासारखे काम करते : एकीकडे सर्व्हरशी व्हीएनसी, आरडीपी वा एसएसएच या पद्धतींनी बोलते, दुसरीकडे ब्राउझरशी. दाखला छापायचा असेल तर त्याची प्रत पीडीएफच्या रूपाने वापरणाऱ्याच्या यंत्रावर येते. शिवाय आरडीपीचे 3389 क्रमांकाचे दार इंटरनेटवर उघडे टाकावे लागत नाही. ते उघडे टाकणे किती धोक्याचे आहे, हे 2019 साली उजेडात आलेल्या ‘ब्लूकीप’ दोषाने दाखवून दिले आहे. एकंदरीत पारडे ग्वाकामोलीकडे झुकते. मराठी लिहिणाऱ्यांनी मात्र आधी टंकून पाहावे. समोरच्या यंत्रावर कळफलक इंग्रजी ठेवून सर्व्हरवर इनस्क्रिप्ट निवडणे बहुधा सोयीचे पडते. (कंट्रोल व डब्ल्यू या कळा एकत्र दाबल्या की सर्व्हरवरची फाईल बंद होण्याऐवजी ब्राउझरचे पानच मिटते, हेही नवशिक्याला सांगून ठेवलेले बरे.)

परंतु येथे निवड संपली असे समजण्यातच खरी फसगत आहे. साध्या विंडोजवर एका वेळी एकालाच काम करता येते. अनेकांना बसवायचे तर विंडोज सर्व्हर घ्यावा लागतो, आणि त्यावर दर माणसामागे किंवा दर यंत्रामागे परवान्याचे पैसे मोजावे लागतात. ब्राउझरातले साधन फुकटचे वापरले म्हणून या आकारणीत एका पैशाची सूट मिळत नाही. मायक्रोसॉफ्टने 2018 साली स्वतःचे ब्राउझर-साधन दिले. त्यालाही माणशी परवानेच लागतात. दहावा विद्यार्थी येऊन बसला म्हणून विक्रेत्याचा खर्च काडीमात्र वाढत नाही, तरी दहावे भाडे द्यावेच लागते. हा खंडच आहे. फरक एवढाच की खंडाच्या जमिनीला निदान बांध असतो. ग्वाकामोली लावून तिच्यामागे विंडोज सर्व्हर ठेवणारी संस्था खिडकी फुकट मिळवते आणि घर भाड्याने घेते.

म्हणून निवडीचा आरंभ सर्व्हरपासून झाला पाहिजे. लिनक्स व ‘एक्सआरडीपी’ यांवर माणशी आकार नाही. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त आज्ञावलीची वाट केव्हाच धरली. महाराष्ट्राला ती अशक्य होती असे कोणी म्हणू नये. अडचणी आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. केवळ विंडोजवर चालणारे हिशेबाचे एखादे पॅकेज असेल, तर त्यासाठी एक यंत्र वेगळे ठेवावे लागेल. सेवा केंद्रातील अंगठ्याच्या ठशाचे उपकरणही ग्वाकामोलीमधून सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही. ते ज्या यंत्राला जोडलेले आहे तेथेच वापरावे लागेल. आणि मुक्त व्यवस्थेची देखभाल करणारा माणूस गावात किंवा निदान तालुक्याला तयार करावा लागेल. परवान्याचा वाचलेला पैसा त्याच्या पगारावर खर्च व्हावा, यात वावगे काही नाही.

आणखी एका गोष्टीकडे कार्यकर्त्यांचे लक्ष हवे. कोण कधी जोडले गेले आणि किती वेळ बसले, याची नोंद ग्वाकामोली ठेवते. व्यवस्थापकाने ठरवल्यास सबंध पडद्याचेच मुद्रण करून ठेवता येते. तुटपुंज्या मोबदल्यावर राबणाऱ्या ऑपरेटरच्या प्रत्येक कळीचा हिशेब मागण्यासाठी ही सोय वापरली जाणार नाही, याची हमी कोणत्याही मुक्त परवान्यात नाही. पडद्याचे मुद्रण करायचे की नाही, केले तर ते कोणाच्या ताब्यात आणि किती दिवस राहील, हे साधन बसवण्यापूर्वी संस्थेच्या बैठकीत लेखी ठरवावे, आणि त्या बैठकीला ऑपरेटरांनाही बोलावावे.