नोंदणी आधी पाहावी



“आमची कन्या बी.कॉम. आहे. विवाहानंतर ती लंडनला गेली. आता तिला परिचारिका व्हावयाचे आहे. तेथे पदवीधरांसाठी दोन वर्षांची एम.एस्सी. आहे, असे ती म्हणते. वाणिज्य शाखेच्या मुलीला हे शक्य आहे काय? आणि आपल्या घरातील मुलीने हे करावे काय?” अशी विचारणा एका वाचक कुटुंबाने केली आहे. दोन्ही प्रश्न स्वतंत्र आहेत. म्हणून उत्तरेही स्वतंत्रपणे देतो.

कन्येचे म्हणणे खरे आहे. आपल्याला ते विचित्र वाटते, कारण आपल्याकडे एम.एस्सी. नर्सिंग ही आधीच परिचारिका असलेल्यांची उच्च पदवी आहे. बी.कॉम. झालेल्या मुलीला येथे त्या मार्गाने प्रवेशच नाही. तिला तीन वर्षांचा जी.एन.एम. पदविका अभ्यासक्रम करावा लागतो. किंवा बारावीला जीवशास्त्रासह विज्ञान असेल, तर चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग. इंग्लंडमध्ये मात्र अन्य विषयांच्या पदवीधरांसाठी ‘नोंदणीपूर्व’ एम.एस्सी. आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने 1860 साली सुरू झालेल्या प्रशिक्षणशाळेचा वारसा सांगणारे लंडनचे किंग्ज कॉलेजही असा अभ्यासक्रम चालविते.

तीन वर्षांचे शिक्षण दोन वर्षांत कसे बसते, हे समजून घ्यावे. तेथील नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल, म्हणजे एन.एम.सी., एकूण 4,600 तासांचे शिक्षण अपेक्षिते. निम्मे वर्गातले, निम्मे प्रत्यक्ष रुग्णसेवेचे. पूर्वीचे शिक्षण व अनुभव यांचे मोजमाप करून अर्ध्यापर्यंत सूट देण्याची मुभा विद्यापीठाला असते. म्हणूनच अनेक विद्यापीठे प्रवेशापूर्वी काही शे तासांचा रुग्णसेवेचा अनुभव मागतात. वृद्धाश्रमात किंवा रुग्णालयात सेवासाहाय्यक म्हणून केलेले काम तेथे उपयोगी पडते. माझ्या मते हा अनुभव अट म्हणून नव्हे, तर कसोटी म्हणून घ्यावा. सहा महिने आजारी माणसाचे अंथरूण बदलल्यावरही ज्या मुलीचा निश्चय टिकतो, तिच्यासाठी पैसा खर्च करण्यास हरकत नाही.

आता मुख्य सावधगिरी. बँकेत कर्जप्रकरण तपासताना आम्ही माहितीपत्रकाचे रंग पाहत नसू. मालमत्तेचा हक्कलेख पाहत असू. येथे हक्कलेख म्हणजे नोंदणी. ‘नर्सिंग’ हा शब्द असलेल्या सर्वच एम.एस्सी. पदव्यांनी परिचारिका होता येत नाही. काही अभ्यासक्रम आधीच नोंदणीकृत असलेल्यांसाठी असतात; काही केवळ व्यवस्थापनाचे किंवा संशोधनाचे. तेव्हा विद्यापीठाला एकच प्रश्न लेखी विचारावा : “हा अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर एन.एम.सी.च्या रजिस्टरवर कोणत्या शाखेत नाव नोंदविता येईल?” शाखा चार आहेत : प्रौढ, बालक, मानसिक आरोग्य आणि अध्ययन-अक्षमता. शाखा प्रवेशाच्या वेळीच निवडावी लागते. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची यादी एन.एम.सी. स्वतः प्रसिद्ध करते. विद्यापीठाचे उत्तर त्या यादीशी ताडून पाहावे. एजंटाच्या शब्दावर विसंबू नये. ज्यांची मुले ऑस्ट्रेलियात आहेत, त्यांनाही हेच लागू आहे. तेथेही पदवीधरांसाठी दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत, किमान 800 तासांचा प्रत्यक्ष अनुभव बंधनकारक आहे आणि मान्यतेची यादी तेथील नर्सिंग बोर्डाची.

नोंदणी ही भिंतीवर लावून ठेवण्याची सनदही नव्हे. दुकानाच्या परवान्याप्रमाणे तिचे नूतनीकरण असते : दर तीन वर्षांनी 450 तासांचे काम आणि 35 तासांचे पुढील शिक्षण दाखवावे लागते. मायदेशी परतून हे काम करावयाचे झाल्यास येथील परिषदेची मान्यता पुन्हा वेगळी घ्यावी लागते.

पैशाचा विचार करताना घाई महाग पडते. इंग्लंडमध्ये परदेशी विद्यार्थ्याचे शुल्क आणि स्थानिकाचे शुल्क यांत मोठे अंतर आहे. सामान्यतः कायम वास्तव्याचा हक्क आणि अभ्यासक्रमापूर्वीची तीन वर्षे त्या देशात वास्तव्य असेल, तर स्थानिक शुल्क लागू होते. शिवाय पात्र विद्यार्थ्यांना आरोग्यसेवेकडून वर्षाला 5,000 पौंडांचे अनुदान मिळते व ते परत करावे लागत नाही. जावईबापूंच्या व्हिसाची स्थिती पाहून एक-दोन वर्षे थांबणे परवडत असेल, तर तो काळ अनुभव मिळविण्यात घालवावा. प्रशिक्षणकाळात रुग्णालयातील कामाचे वेतन मिळत नाही, हेही हिशेबात धरावे.

कर्ज काढावयाचेच झाले, तर ते शैक्षणिक कर्ज म्हणूनच काढावे. दुकानाच्या कॅश क्रेडिट खात्यातून शुल्क भरू नये. ते भांडवल मालासाठी आहे, आणि हंगामाच्या तोंडावर त्याची उणीव भासते. भावाच्या पेढीकडून उसने घेतलेल्या रकमेच्या व्याजावर प्राप्तिकरातील शैक्षणिक कर्जाची वजावट मिळत नाही. कर्ज बँकेचे किंवा मान्य संस्थेचे हवे, करपद्धती जुनी हवी. ही वजावट व्यक्तीला आहे, अविभक्त हिंदू कुटुंबाला नाही. पित्याला कन्येसाठी ती मिळते. सासऱ्याला सुनेसाठी नाही.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. वैयावृत्त्याला आपण आभ्यंतर तपात स्थान दिले आहे. तेव्हा शुश्रूषा हे हलके काम, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. परंतु अडचण झाकूनही ठेवू नये. वॉर्डात रात्रपाळी असते, सणवार नसतात. अशक्त रुग्णाला त्याच्या ताटातले अन्न भरवावे लागते. ते ताट सामिष असू शकते. शस्त्रक्रियेनंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिले जाणारे हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून बनते. तेथील कायद्याने परिचारिकेला सदसद्विवेकाच्या आधारे सहभाग नाकारण्याचा हक्क दोनच बाबतींत दिला आहे : गर्भपात आणि कृत्रिम गर्भधारणेचे उपचार. स्वतःचा आहार तिने हवा तसा पाळावा. रुग्णाचे औषध तिला नाकारता येणार नाही.

हे सर्व कन्येपुढे ठेवावे आणि निर्णय तिचा तिला करू द्यावा. मानसिक आरोग्याची शाखा घेतल्यास सुया-सलाईनचे काम तुलनेने कमी येते, हेही तिला सांगावे. घरातील वडीलधाऱ्यांनी मात्र एक पथ्य पाळावे. डॉक्टर मुलाची रात्रपाळी जेथे अभिमानाने सांगितली जाते, तेथे परिचारिका मुलीची रात्रपाळी दबक्या आवाजात सांगितली जाऊ नये. आपल्यापैकी प्रत्येकाच्या उशाशी एके दिवशी कोणीतरी अशी मुलगी उभी असणार आहे. ती कोणाच्या तरी घरून आलेली असते.