सीमेवरचें घर

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या माडीवर एक साम्राज्य स्थापन झालें. सम्राट म्हणजे आमचे नातू, वय वर्षें बारा. आणि राजधानी त्यांच्या वडिलांच्या जुन्या संगणकांत. मुलगा तासन् तास तोंडांतून शब्द न काढतां बसतो हें पाहून बंदीहुकूम काढावा, अशा निश्चयानें आम्ही जिना चढलों. आणि कबूल करावयास हरकत नाहीं, दिवेलागण होईपर्यंत खालीं उतरलों नाहीं.

खेळाचें नांव ‘सिव्हिलायझेशन’. सिड मायर प्रभृतींनीं अमेरिकेंत रचलेला हा खेळ १९९१ सालीं प्रथम निघाला. आमच्या माडीवर चालतो तो त्याचा चौथा अवतार, २००५ सालचा. पट पृथ्वीचा, आणि त्यावर बुद्धिबळासारखीं चौकोनी घरें. परंतु बुद्धिबळांत घर कोणाच्याच मालकीचें नसतें. मोहरा उठला कीं तें मोकळें. येथें शहर वसतांच भोंवतालचीं घरें राजाच्या रंगानें वेढलीं जातात, आणि त्या रेषेच्या आंत दुसऱ्याचें सैन्य कराराशिवाय आलें, तर तें युद्धच समजलें जातें.

ही रेषा तरवारीनें पुढें सरकत असेल, अशी आमची समजूत. “तसं नाहीं, आजोबा,” सम्राट म्हणाले, “सैन्यानं शहर घेतां येतं. सीमा वाढते ती संस्कृतीनं.”

संस्कृतीचा असा जमाखर्च आम्हीं पूर्वीं कधीं पाहिला नव्हता. प्रत्येक डावाला मंदिर शहराच्या खातीं एक गुण टाकतें, ग्रंथालय दोन, आणि नाट्यगृह तीन. (ग्रंथालयापेक्षां नाट्यगृहाला अधिक गुण देणारे हे परीक्षक कोण, असें आम्हीं विचारलें, उत्तर मिळालें नाहीं.) इमारत हजार वर्षांची झाली कीं तिचे गुण दुप्पट होतात. दहा गुण भरले कीं सीमा एक पाऊल पुढें जाते, मग शंभरांना, मग पांचशें, पांच हजार, अशी ती मंद होत जाते. एखादा थोर कलावंत जन्मास आला आणि त्यानें आपली कृति शहराला अर्पण केली, तर एकदम चार हजारांची भर! आणि शेजाऱ्याची संस्कृति आपल्याहून भारी झाली तर आपलींच घरें एकेक करून त्याच्या रंगांत जातात. बाण सुटत नाहीं, रक्त सांडत नाहीं. सीमेवरचें दुर्लक्षित शहर बंड करून उठतें आणि शेवटीं शेजाऱ्यास जाऊन मिळतें. तेथें शिबंदी वाढवून बंड कांहीं काळ रोखतां येतें, एवढाच काय तो सैन्याचा उपयोग.

हें सारें पाहून आम्ही संतुष्ट झालों होतों. मास्तरकीच्या धंद्याला कोणत्या तरी राज्यांत इतकी किंमत आहे तर! परंतु सम्राटांनीं सीमेवरच्या एका घरावर सहज बाण नेऊन ठेवला आणि बाजूस अक्षरें उमटलीं. घराचा रंग आमचा. पण हिशेबांत आमचे एकोणसाठ टक्के, उरलेले एक्केचाळीस शेजाऱ्याचे. दोघांचाही सांचलेला वांटा यंत्र प्रत्येक घरापाशीं जपून ठेवतें; रंग मात्र ज्याचा वांटा मोठा त्याचा एकट्याचाच देतें.

त्या एक्केचाळिसांपाशीं आम्ही अडलों.

आमच्या नोकरीचीं पहिलीं कांहीं वर्षें बेळगांव जिल्ह्यांतील एका गांवीं मराठी शाळेंत गेलीं. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेंत तो मुलूख तेव्हांच्या म्हैसूर राज्यांत गेला, १९६६ सालीं महाजन आयोग नेमला गेला, २००४ सालीं महाराष्ट्र शासन सर्वोच्च न्यायालयांत गेलें. हा इतिहास वाचकांस ठाऊक आहे. आम्हांस आठवतो तो एक मुलगा. बाप मराठी, आई कानडी, आणि मुलगा दोन्हींत सारखाच बडबड्या. शाळेच्या पटांत मातृभाषेचा रकाना एकच. पटावरची संख्या घटली तर वर्ग तुटेल, ही धास्ती आम्हां सर्व शिक्षकांना होती. आम्हीं त्याला न विचारतांच ‘मराठी’ असें लिहिलें.

दुसरे दिवशीं त्याची आई आली. भांडली नाहीं. काय लिहिलें आहे, एवढेंच तिनें कानडींत विचारलें. आमच्या मातुश्रींचें माहेर धारवाडकडचें. कानडी आम्हांस पाळण्यापासून येते. असें असून आम्हीं तिला उत्तर दिलें तें मराठींत. तिला तें समजलें, आणि ती गेली.

कौटिल्यानें ‘लब्धप्रशमन’ प्रकरणांत जिंकणाऱ्या राजाला सांगितलें आहे कीं, त्यानें जिंकलेल्या प्रजेचाच वेष, भाषा आणि आचार स्वीकारावा, तिच्या देवतांच्या उत्सवांत भाग घ्यावा. या खेळांत ती चाल आम्हांस कोठें दिसली नाहीं. शहर काबीज केलें कीं तेथील लोक जुन्या राजाच्या आठवणीनें कष्टी राहतात, एवढें यंत्र दाखवतें, आणि तें खरेंही आहे. परंतु त्यावर तोडगा म्हणजे आपलें मंदिर, आपलें नाट्यगृह. त्यांचें एखादें गाणें आपण शिकावें, याला पटावर गुण नाहींत. तरीही त्या टक्क्यांबद्दल आम्ही त्या रचनाकारांचे ऋणी आहों. आमच्या शाळेच्या पटांत तेवढीही सोय नव्हती.

हें आम्हीं नातवाला सांगितलें. त्यानें थोडा वेळ विचार केला आणि जिन्यावरून खालीं ओरडून पणजीला विचारलें, “पणजी, तूं किती टक्के कानडी?” मातुश्री नव्वदीच्या घरांत आहेत, टक्के त्यांना ऐकूं गेले नसावेत. जेवायला चल, असें त्यांनीं कानडींत सांगितलें. तो उठून गेला.

सीमेवरच्या त्या शहरांत सध्यां नाट्यगृह उभें राहत आहे, आणि बंडाची चिन्हेंही दिसूं लागलीं आहेत. परंतु सोमवारपासून सम्राटांची परीक्षा. संगणकाची तार आमच्या सौभाग्यवतींनीं काढून फडताळांत ठेवली आहे, आणि फडताळाची किल्ली त्यांच्या कनवटीला आहे.